एकाच घराचे दोन पत्ते

शहरातल्या एखाद्या रस्त्याचे नाव बदलते. नवी पाटी लागते, जुनी तशीच राहते. पोस्टमनला दोन्ही नावे ठाऊक असतात, रिक्षावाल्यालाही असतात, त्यामुळे कुणाचे काही अडत नाही. पण समजा, महापालिकेच्या नोंदवहीत एकच घर दोन्ही पत्त्यांवर दोन वेगळी घरे म्हणून नोंदले गेले. आणि एक दिवस कारकुनाने शेरा मारला, 'जुन्या पत्त्यावरचे घर आता नको, पाडून टाका.' पथक येणार, जुन्या पत्त्यावर जाणार आणि नव्या पत्त्यावर सुखाने नांदणाऱ्या कुटुंबाचे छप्पर उतरवणार. कारकुनाने नियम मोडला नाही, पथकाने आदेश पाळला. तरी घर गेले.

संगणकाच्या जगात गेली काही वर्षे नेमका हाच धोका टाळण्याची खटपट सुरू होती. ९ ऑगस्ट २०२५ रोजी 'डेबियन' या लिनक्स प्रणालीची १३वी आवृत्ती आली आणि हे काम बहुतांशी तडीस गेले. विषय ऐकायला रुक्ष आहे. प्रणालीतले काही जुने फोल्डर दुसऱ्या एका फोल्डरमध्ये विलीन करायचे, एवढेच. ना नवा शोध, ना नवे उपकरण. मग यावर या स्तंभात लिहायचे कशासाठी? कारण ज्या पायावर आजचे संगणकविश्व उभे आहे, त्या पायातली एक वीट कशी बदलली गेली, याची ही हकिकत आहे. आणि 'चालू आहे ते चालू द्या' आणि 'एकदाचे बदलून टाका' या आपल्या दोन्ही लाडक्या घोषणांना ती धडा शिकवते.

लिनक्स आपल्याला दिसत नाही, पण ते नाही अशी जागा शोधावी लागेल. आपल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तेच आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील लॅपटॉप २०१३ मध्ये विंडोजवरून डेबियनवर नेण्यात आले. बँकेचा, रेल्वे आरक्षणाचा किंवा एखाद्या रुग्णालयाच्या नोंदींचा सर्व्हर उघडून पाहिला, तर आत लिनक्स असण्याचीच शक्यता मोठी. या लिनक्सचा गाभा एक असला, तरी त्याभोवती हजारो प्रोग्रॅम रचून, तपासून ते वापरण्याजोगे करून देणारे गट अनेक आहेत. डेबियन, फेडोरा, उबुंटू, आर्च ही त्यांतली काही नावे. यांनाच 'डिस्ट्रिब्युशन' म्हणतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लिनक्समध्ये सगळ्या फाईल्स एका झाडासारख्या रचलेल्या असतात. बुंध्याला नाव नाही, केवळ एक तिरपी रेघ. तिथून फांद्या फुटतात. '/बिन' या फोल्डरमध्ये रोज लागणाऱ्या आज्ञा : फाईल्सची यादी दाखव, नक्कल कर, पुसून टाक. '/एसबिन' मध्ये प्रणालीची देखभाल करणाऱ्याला लागणाऱ्या आज्ञा. '/लिब' मध्ये या सर्वांना मिळून लागणारे सामाईक भाग. इथवर ठीक. पण शेजारीच '/यूएसआर' नावाची आणखी एक मोठी फांदी आहे आणि तिच्या आत पुन्हा तेच : '/यूएसआर/बिन', '/यूएसआर/एसबिन', '/यूएसआर/लिब'. एका घरात दोन स्वयंपाकघरे, दोन्हींत डबे, दोन्हींत भांडी. साखर कोणत्या स्वयंपाकघरात, हे घरच्यांनाही आठवत नाही. शिकाऊ विद्यार्थी विचारतो, 'सर, दोन कशाला?' आणि सर पुस्तकातले उत्तर देतात.

खरे उत्तर पुस्तकात नव्हते. ते होते डिस्कच्या आकारात. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची 'युनिक्स' घडवत होते. लिनक्स हे याच घराण्यातले. त्यांच्या पीडीपी-११ या यंत्राची डिस्क होती अर्ध्या एमबीची. आज फोनवर काढलेला एक बरा फोटो साठवायला तशा पाच-सहा डिस्क लागतील. प्रणाली वाढत गेली आणि पहिल्या डिस्कवर मावेनाशी झाली. रॉब लँडली या प्रोग्रॅमरने २०१०मध्ये मांडलेल्या इतिहासानुसार, तेव्हा जागा शिल्लक होती दुसऱ्या डिस्कवर. तिथे वापरकर्त्यांच्या, म्हणजे 'यूजर' लोकांच्या, स्वतःच्या फाईल्स असत. म्हणूनच तिचे नाव 'यूएसआर'. प्रणालीचा उरलेला पसारा तिथे सरकवला गेला आणि 'बिन', 'लिब' यांची दुसरी जोडी तयार झाली. पुढे आणखी डिस्क आली, तेव्हा वापरकर्त्यांच्या फाईल्सना '/होम' हे नवे घर मिळाले. यजमान निघून गेले आणि पाहुण्याचे सामान मात्र त्यांच्या नावाच्या खोलीतच राहिले.

ही तडजोड होती आणि त्या काळी ती शहाणपणाची होती. पण तडजोडीचे आयुष्य तिच्या कारणापेक्षा मोठे असते. डिस्क मोठ्या झाल्या, कारण संपले, विभागणी राहिली. आणि मग माणसाने तेच केले जे तो रूढींच्या बाबतीत नेहमी करतो : आधी प्रथा, मग तिला तत्त्वज्ञान. सांगितले गेले की बुंध्याजवळच्या '/बिन' मध्ये यंत्र सुरू करायला आणि बिघाड दुरुस्त करायला लागेल एवढेच ठेवायचे, बाकी सारे '/यूएसआर' मध्ये. म्हणजे मोठी डिस्क बिघडली तरी छोटीवरून यंत्र उठेल. दुसरे कारण असे की '/यूएसआर' एकाच मोठ्या सर्व्हरवर ठेवून अनेक संगणकांना नेटवर्कवरून वाटून देता येईल. १९८०च्या दशकात विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत हे कारण खरेही होते. १९९४मध्ये लिनक्सच्या फाईलरचनेचे पहिले प्रमाण ठरले, तेव्हा या विभागणीला नियमाचे रूप मिळाले. गंमत अशी की 'यूएसआर' या नावालाही मागाहून नवा अर्थ चिकटवला गेला : 'युनिक्स सिस्टीम रिसोर्सेस'. जागेच्या टंचाईतून आलेली सोय अशी तत्त्व होऊन बसली.

हे तत्त्व टिकले का? नाही. यंत्र सुरू करायला 'आवश्यक' काय, याची रेघ कुणालाच नीट ओढता आली नाही. पूर्वी डिस्क आणि कीबोर्ड एवढेच असे. आता यंत्र उठतानाच ब्लूटूथ कीबोर्ड ओळखायचा, कुलूपबंद डिस्कचा पासवर्ड विचारायचा, नेटवर्क जोडायचे. या प्रत्येकासाठी लागणारे भाग '/यूएसआर' मध्ये विखुरलेले. एक भाग पुढे आणला की त्याला लागणारे चार मागून येतात. प्रत्येक डिस्ट्रिब्युशनने रेघ वेगळ्या जागी ओढली. त्यामुळे एकीकडे चालणारा प्रोग्रॅम दुसरीकडे 'अशी फाईलच नाही' म्हणून थांबू लागला. शिवाय दरम्यान यंत्र उठवण्याचे काम एका तात्पुरत्या छोट्या प्रणालीकडे गेले होते. 'इनिटरॅमएफएस' या नावाची ही प्रणाली मेमरीत उघडते, डिस्क शोधून जोडते आणि बाजूला होते. छोट्या '/बिन'चे काम आता तीच करत होती. मूळ कारण गेले होते, मागाहून शोधलेली कारणेही गेली. उरली फक्त सवय.

ती मोडण्याचा निर्णय फेडोराने घेतला आणि तडकाफडकी अमलात आणला. मे २०१२मध्ये आलेल्या फेडोरा १७ मध्ये '/बिन', '/एसबिन', '/लिब' मधले सगळे '/यूएसआर' खालच्या त्याच नावाच्या फोल्डरांत गेले. जुन्या जागी केवळ दिशादर्शक पाट्या राहिल्या. तांत्रिक भाषेत यांना 'सिमलिंक' म्हणतात. '/बिन' मध्ये काही मागितले की पाटी मुकाट्याने '/यूएसआर/बिन' कडे नेते. सगळा माल '/यूएसआर' कडेच का गेला, उलट का नाही? कारण त्यामुळे प्रणालीने दिलेले सगळे एका छताखाली येते. यंत्राची स्वतःची सेटिंग '/ईटीसी' मध्ये, साठणारा डेटा '/व्हार' मध्ये, आणि कारखान्यातून आले ते '/यूएसआर' मध्ये. २०१३मध्ये आर्च लिनक्सने हा टप्पा पूर्ण केला, २०१४मध्ये रेड हॅटच्या व्यावसायिक प्रणालीतही तो आला.

डेबियनची गोष्ट वेगळी. हा १९९३पासून मुख्यतः स्वयंसेवकांनी चालवलेला प्रकल्प. मालक नाही, लिखित घटना आहे, वाद मिटवायला तांत्रिक समिती आहे. २०२३च्या आवृत्तीत त्याची पॅकेजे होती ६४ हजारांहून अधिक. अशा ठिकाणी एका फटक्यात बदल होत नाही. म्हणून सोपा वाटणारा मार्ग निवडला गेला : आधी फोल्डर विलीन करून पाट्या लावायच्या, पॅकेजे यथावकाश बदलतील. जुलै २०१९मध्ये आलेल्या डेबियन १० पासून नव्याने बसवलेल्या प्रत्येक यंत्रावर ही रचना आली. जुनी यंत्रे जुन्याच रचनेवर राहिली. एकाच गावात दोन रीती सुरू झाल्या.

दुखणे लगेच बाहेर आले. विलीन रचनेच्या यंत्रावर तयार झालेला एखादा प्रोग्रॅम 'ही आज्ञा /यूएसआर/बिन मध्ये आहे' अशी नोंद स्वतःत करून ठेवी. जुन्या रचनेच्या यंत्रावर ती आज्ञा तिथे नसे, आणि प्रोग्रॅम कोसळे. हे वरवरचे दुखणे. खोलवरचे होते नोंदवहीत. डेबियनमध्ये कोणती फाईल कोणत्या पॅकेजची, याचा हिशेब 'डीपीकेजी' नावाचा प्रोग्रॅम ठेवतो. पाट्या लावताना या कारकुनाला कुणी विश्वासात घेतले नव्हते. त्याच्या लेखी '/लिब' मधली फाईल वेगळी आणि '/यूएसआर/लिब' मधली वेगळी. प्रत्यक्षात दोन्ही एकच.

आता कल्पना करा. एक फाईल आजवर पहिल्या पॅकेजची होती, '/लिब' मध्ये नोंदलेली. नव्या आवृत्तीत ती दुसऱ्या पॅकेजकडे गेली आणि नोंद झाली '/यूएसआर/लिब' अशी. अपडेट सुरू होते. दुसरे पॅकेज फाईल आणून ठेवते. मग पहिल्याची पाळी येते. कारकून वही पाहतो : '/लिब' मधली ही फाईल आता कुणाचीच नाही. नियमाप्रमाणे तो ती पुसतो. पण जुन्या पत्त्यावर गेलेला हात पाटीवरून वळून नव्या पत्त्यावर पोहोचतो आणि आत्ताच आणलेली फाईल नाहीशी होते. कुठलाही त्रुटीसंदेश नाही. वही सांगते, सारे जागेवर आहे. ती फाईल फुटकळ असली तर कुणाला कळणार नाही. यंत्र उठवणारी असली, तर पुढच्या वेळी यंत्र उठणारच नाही.

२०२१मध्ये तांत्रिक समितीने दोन निर्णय दिले. पहिला : डेबियन १२ पासून केवळ विलीन रचनाच चालेल. दुसरा त्याच वर्षीचा : तोवर फाईल्सच्या नोंदी जुन्या जागेवरून नव्या जागेवर हलवण्यास मनाई. पहिला निर्णय म्हणतो पुढे चला, दुसरा म्हणतो जागचे हलू नका. दोन्ही एकत्र वाचले की त्या वेळची कोंडी कळते. जून २०२३मध्ये डेबियन १२ आले. घर एक झाले होते, वही मात्र दोन घरांचीच होती.

डीपीकेजीची देखभाल करणाऱ्यांचा आक्षेप पहिल्यापासून हाच होता : आधी प्रत्येक पॅकेजने आपापली फाईल हलवावी, जुने फोल्डर रिकामे व्हावे आणि मग पाटी लावावी. त्यांच्या आक्षेपाला बदलाचा विरोध समजले गेले. या वादात कटुताही बरीच आली. आमच्या मते, दिशेच्या बाबतीत समिती बरोबर होती आणि क्रमाच्या बाबतीत आक्षेप घेणारे. सुधारणावादी माणसाला दुसऱ्या गोष्टीचा फार कंटाळा असतो. त्याला वाटते, दिशा ठरली की क्रम हा तपशील. डेबियनला याच तपशिलाची किंमत मोजावी लागली. अर्धवट बदल हा ना जुन्याइतका सुरक्षित ठरला, ना नव्याइतका सोयीचा.

पुढचे काम कौतुकाचे आहे आणि त्याचे कौतुक फारसे झाले नाही. हेल्मुट ग्रोने या डेबियनच्या विकासकाने 'डेबियन सुधारणा प्रस्ताव क्रमांक १७' च्या निमित्ताने प्रश्नाची चिरफाड केली. कोणत्या परिस्थितीत फाईल गहाळ होते, कुठे दोन पॅकेजे एकमेकांवर आदळतात, याचे प्रकार एकेक करून मांडले आणि प्रत्येकावर वेगळा उतारा सुचवला. संपूर्ण संग्रह सतत तपासून 'इथे धोका आहे' असे सांगणारा प्रोग्रॅम लिहिला. २०२३मध्ये मनाई उठली आणि मग शेकडो पॅकेजांच्या फाईल्स क्रमाक्रमाने हलल्या. जिथे फाईल पुसली जाण्याची भीती, तिथे तात्पुरते टेकू लावले गेले. शेवटी त्या दिशादर्शक पाट्यासुद्धा प्रणालीच्या मूळ पॅकेजमध्ये रीतसर नोंदल्या गेल्या. डेबियन १३ मध्ये घर एक आणि वहीही एक झाली. टेकू काढण्याचे किरकोळ काम तेवढे मागे राहिले.

एवढ्या खटाटोपाचे फळ काय? वापरणाऱ्याला उद्या सकाळी काहीही वेगळे दिसणार नाही, हेच त्याचे यश. पण आत बरेच साधते. सगळी प्रणाली '/यूएसआर' मध्ये एकवटली, की त्या एका फोल्डरला 'फक्त वाचा, बदलू नका' असे कुलूप लावता येते. अपडेटपूर्वी त्याचे संपूर्ण छायाचित्र घेता येते आणि बिघडले तर मागे जाता येते. कुणी आत ढवळाढवळ केली का, हे डिजिटल सहीने पडताळता येते. आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये प्रणालीचा भाग असाच वेगळा, कुलूपबंद असतो. अॅपलनेही २०१९पासून मॅक संगणकांत प्रणालीचा भाग फक्त वाचण्यापुरता ठेवला. हे सुरक्षेचे साधे सूत्र आहे : कारखान्याचा माल एका ठिकाणी आणि घरचा माल दुसऱ्या ठिकाणी असला, की चोरी आणि बिघाड दोन्ही लवकर सापडतात.

'हे काम नव्या वापरासाठी ठीक, पण आमची जुनी यंत्रे सुखाने चालत होती,' ही तक्रारही खोटी नाही. ज्यांनी '/यूएसआर' वेगळ्या डिस्कवर ठेवले होते किंवा इनिटरॅमएफएस टाळून अगदी छोटी यंत्रे उभारली होती, त्यांना आपली मांडणी बदलावी लागली. त्यांचा वेळ गेला आणि तो कुणी भरून दिला नाही. पण त्यांची सोय जपण्यासाठी उरलेल्या सर्वांनी दोन रचना कायम सांभाळायच्या, याचाही खर्च होताच. तो फक्त दिसत नव्हता. यंत्र सुरू करणाऱ्या 'सिस्टमडी' या महत्त्वाच्या प्रोग्रॅमने डिसेंबर २०२३मध्ये जुन्या विभक्त रचनेचा आधार काढून घेतला, तो याच हिशेबाने.

आणि तरीही जुने पत्ते पुसले जाणार नाहीत. असंख्य लिपींची पहिली ओळ '/बिन/एसएच' या पत्त्याने सुरू होते. नेहमीच्या ६४-बिट लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅमच्या पोटात, सामाईक भाग जोडून देणाऱ्या फाईलचा पत्ता '/लिब६४' असाच कोरलेला आहे. ते बदलायचे म्हणजे जगातला प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने बांधायचा. म्हणून भिंत पडली तरी पाटी राहणार. खुद्द फेडोराने २०१२मध्ये घाईने भिंत पाडली, पण 'बिन' आणि 'एसबिन' यांच्यातला दुरावा मिटवायला तिलाही एप्रिल २०२५मधील फेडोरा ४२ पर्यंत थांबावे लागले. आज आपण सोय म्हणून घेतलेला निर्णय पन्नास वर्षांनी कुणाला तरी सोडवावा लागेल, हे ध्यानात ठेवून तो निदान लिहून ठेवावा, कारणासकट. बेल लॅब्जमधल्या त्या डिस्कचा आकार प्रमाणग्रंथात लिहिलेला असता, तर पुढच्या पिढ्यांनी तिला तत्त्व समजण्यात इतकी वर्षे घालवली नसती.

हा प्रश्न आपल्याशी किती संबंधित आहे? पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवरच उभी आहे. केरळातल्या शाळांत मुले ज्या प्रणालीवर शिकतात, तिचा आधार उबुंटू, आणि उबुंटूचा आधार डेबियन. शासनकारभारात मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे केंद्र सरकारचे धोरण २०१५चे आहे. म्हणजे जर्मनीतला एक माणूस वर्षानुवर्षे ज्या फाईल्सचा माग काढत बसला होता, त्या आपल्याही कचेऱ्यांतल्या आणि वर्गांतल्या संगणकांत आहेत. त्याच्या कामाचा काही भाग एका छोट्या फ्रेंच कंपनीने पैसे देऊन करून घेतला, म्हणून ते तडीस गेले. निव्वळ हौसेवर इतके कंटाळवाणे काम इतका काळ चालत नाही.

इथे आपल्या धोरणातली त्रुटी उघडी पडते. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सॉफ्टवेअर, असा अर्थ आपण काढला. परवान्याचा खर्च वाचला, याची टिपणे तयार झाली. देखभालीत आपला वाटा किती, हा रकाना मात्र त्या टिपणांत नसतो. इमारत बांधायला निधी मिळतो आणि गळकी गच्ची दुरुस्त करायला मिळत नाही, हा अनुभव शाळा-रुग्णालयांपासून धरणांपर्यंत आपल्याला नवा नाही. सॉफ्टवेअरची गच्ची दिसत नाही एवढाच फरक. सी-डॅकसारख्या संस्थांनी, मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मूळ प्रकल्पांत पगारी माणसे बसवली, विद्यार्थ्यांना 'नवे अॅप करा' याबरोबर 'जुने नीट करा' हेही श्रेयांकासह शिकवले, तर तो उपकार नव्हे, उसनवारी फेडणे होईल.

रस्त्याचे नाव बदलताना पाटी लावणे एका दिवसाचे काम असते आणि त्याचा फोटो छापून येतो. नोंदवही दुरुस्त करायला वर्षे लागतात आणि तो कारकून कुणाला माहीत नसतो. घर शाबूत राहते ते त्याच्यामुळे.